हे अक्षर राधिकाचं नाही

सिद्धेश्वर, ता. औंढा
३ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप रामप्रसाद भाऊस,

धाकट्या बहिणीचा, शिवकन्याचा, नमस्कार. तू, वहिनी आणि माझी राधिका, तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. इकडं आम्ही बरे आहोत. पंधरा दिवसांत धरणाचे दरवाजे तीनदा उघडले. खालच्या वावरातलं सोयाबीन पिवळं पडलंय, हळद मात्र तग धरून आहे. काळ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटीच, माद्या. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. राधिकाला सांग, नाव तिनंच ठेवायचं, तोवर आम्ही तिला नुसतंच ‘ए’ म्हणतो. सासूबाईंचा गुडघा तसाच आहे आणि तोंडही तसंच.

फोन सोडून पत्र काहून लिहिते, असं तुला वाटलं असेल. घरात फोन एकच, तो राधिकाच्या बाबांच्या खिशात, आणि ते दिवसभर कळपामागं. शिवाय तुझ्याकडं फोन लावला की वहिनी तो मोठ्या आवाजावर ठेवून पोळ्या लाटतात. मला जे विचारायचंय ते मोठ्या आवाजात विचारण्यासारखं नाही.

तांड्यावरची पारुबाई तुला माहीत आहे, आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते ती. तिची नात शिला राधिकाच्याच वर्गात आहे, हिंगोलीला वसतिगृहात राहते. पोळ्याला ती घरी आली होती. अंगणवाडीत मी माझ्या मदतनिसीच्या कामावर पाणी भरत होते, तेव्हा पारुबाई मला म्हणाली, “बाई, तुमच्या राधिकाचं काही बिनसलं का हो? आमची शिला म्हणत होती, चाचणीत गणिताला वीसपैकी चार पडले, रडत होती म्हणं.”

चार. मी घागर खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा चारच सांगितले.

भाऊ, गेल्या महिनाभरात तुझं-माझं तीनदा बोलणं झालं. तिन्ही वेळा तू म्हणालास, “बरी हाय, रमली हाय.” चार मार्क पडलेली पोरगी कशात रमली, ते तू बोलला नाहीस. मास्तर माणसाला मार्कांची खबर नसते, असं मला कोणी सांगितलं तर मी हसेन.

राग मानू नकोस, पण मी उघड विचारते. वहिनी तिला कामाला लावतात का? सकाळी नळ किती वाजता येतो, पाणी कोण भरतं? वर्गातले सर खेड्यातून आलेल्या लेकरांकडं बराबर बघतात का, की शहरातल्या लेकरांचेच पेपर नीट तपासतात? पेपर अदलाबदल झाला नाही कशावरून? राधिका पाटील नावाचीही एक आहे म्हणे त्या वर्गात.

कारण आमच्या शाळेत सातवीपर्यंत तिनं पहिला नंबर सोडला नाही. वही अशी की गुरुजी बाकीच्या पोरांना दाखवायचे. सुंदर हस्ताक्षरात तालुक्यात पहिली आली. ते प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर आहे, खिळा तूच ठोकलास. अशी पोरगी आठवीला तुझ्याकडं आल्यावर दोन महिन्यांत चारवर येत नाही. कोणीतरी आणलं तर येते.

एक कर. तिच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या वह्या शनिवारच्या गाडीत दे, कंडक्टर ओळखीचा आहे. मी रविवारी बघून सोमवारी परत पाठवीन. नुसत्या बघीन. फार तर कुठं काही अर्धवट राहिलं असेल तर नीट करीन.

राधिकाच्या बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सासूबाईंना तर नाहीच. त्यांचं ठरलेलंच आहे: शिकतीय तोवर शिकू द्या, अडली की घरी आणा, शेळ्यांमागं माणूस लागतंच. आठवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करतात, हे अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही. जाऊ नये.

वह्यांची वाट बघते.

तुझी बहीण
शिवकन्या

ता. क. हे पत्र राधिकाला दाखवू नकोस. दाखवलंस तर तिच्या फोनवरच्या आवाजावरून मला कळेल.


सिद्धेश्वर
११ ऑक्टोबर २०२५

भाऊस,

नमस्कार. दसरा गेला. या वर्षी आपट्याची पानं द्यायला तू आला नाहीस. रस्ते वाहून गेले होते हे खरं, पण दसऱ्याच्या दिवशी औंढ्याची गाडी चालू होती. मी चौकशी केली.

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं होतं. “चार पडले हे खरं आहे. वह्या पाठवणार नाही, त्या तिच्या आहेत. एकदा नापास झाल्यानं कोणी मरत नाही, मीपण झालो होतो.” ते वाचून मी कागद चुलीत घातला. मग वाईट वाटलं, पण तोवर जळला होता.

काल राधिकाचं पत्र आलं. आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तुला माहीत असेलच त्यात काय आहे, तरी उतरवून देते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की असं नव्हतं.

“आई, तुला, बाबांना, आजीला नमस्कार. मला सहामाहीत गणितात चाळीसपैकी नऊ मिळाले. विज्ञानात पंधरा. मी गणितात नापास झाले हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी लिहिते. मामा रागवले नाहीत. मामी काम सांगत नाहीत, माझं ताट मी धुते तेवढंच. मला दिवाळीनंतर परत इथंच यायचं आहे. तू सरांना भेटायला येऊ नको. राधिका.”

आता मी सांगते ते ऐक. हे अक्षर राधिकाचं नाही.

मी आई आहे, मला कळतं. ‘र’ला गोलाई नाही, नुसती काडी मोडून ठेवल्यासारखा. उकार शब्दापासून तुटून खाली पडलेले. ओळ उजवीकडं चढत चढत कागदाच्या कोपऱ्यात घुसलेली. ‘चाळीस’ दोनदा खोडून लिहिलंय. मी तिच्या सातवीच्या वह्या पेटीतून काढल्या आणि शेजारी ठेवल्या. आंधळ्यालाही फरक दिसेल. अंगणवाडीच्या बाईंना दाखवलं, नाव न सांगता. त्याही म्हणाल्या, “दोन वेगळ्या लेकरांचं हाय.”

मग हे पत्र कोणी लिहिलं? तू सांगितलंस आणि शेजारच्या एखाद्या लेकरानं उतरवलं? “मामी काम सांगत नाहीत” हे वाक्य कोणतं लेकरू आपण होऊन लिहील? ते मी तुला पत्रात विचारलं होतं, म्हणजे माझं पत्र तू तिला दाखवलंस, नाहीतर उत्तर तू घातलंस. दोन्हींपैकी एक नक्की. आणि सरांना भेटायला येऊ नको, हे कशासाठी? भेटले तर काय दिसेल मला?

मला तुझा संशय काहून येतो, ते आज लिहिते. अठरा वर्षं बोलले नाही.

२००७ चा जून. तू डी. एड.ला होतास, सुट्टीवर आलेला. माझा दहावीचा निकाल बघायला तूच औंढ्याला गेलास. छापलेला कागद घडी करून आणलास आणि माझ्या हातात न देता अण्णांच्या हातात दिलास. गणितात आठ मार्कांनी राहिले होते. मी चुलीपाशी होते, दाराआड. अण्णांनी तुला विचारलं, “काय म्हणतो रामप्रसाद, बसवायची का हिला पुन्हा ऑक्टोबरला?” तू खाली बघितलंस. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरलीस. काही बोलला नाहीस. अण्णा म्हणाले, “बरं मग.” तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्ताला माझं झालं. सोळा पुरी होऊन चार महिने.

तू बारावीला दोनदा नापास झालास. दोन्ही वेळा अण्णांनी तुला पुन्हा बसवलं, आईनं तुझ्यासाठी उपास केले. तिसऱ्यांदा पास झालास तेव्हा गावात पेढे वाटले. तुझं नापास होणं घरात गंमत म्हणून सांगतात. माझं कोणी सांगत नाही, कारण माझ्या नापास होण्याला पुढं काही नव्हतंच.

म्हणून मला शिकवू नकोस की नापास झाल्यानं कोणी मरत नाही. पोरगं नापास झालं तर ते पुन्हा बसतं. पोरगी नापास झाली की तिला उठवतात. हे तुला मास्तर होऊनही कळलेलं नाही, की कळतं आणि तरी तू तिला पडू देतोस? तुझ्यासमोर, तुझ्या घरात, माझी पोरगी दोन महिन्यांत दोनदा पडली आणि तू हात पुढं केला नाहीस. तेव्हाही केला नव्हतास.

१७ तारखेला सुट्टी लागते. तिला गाडीत बसवून दे. दप्तर, कपडे, गादी, सगळं सोबत दे. परत पाठवायचं की नाही ते मी ठरवीन.

शिवकन्या


सिद्धेश्वर
४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप भाऊस,

शिवकन्याचा नमस्कार. वहिनीलाही सांग. राधिका काल दुपारपर्यंत पोचली असेल. दिवाळी बरी गेली म्हणायची. पाऊस थांबला, कळप पुन्हा धरणाच्या काठाला चरतोय. ठिपकेवाल्या पाटीचं नाव राधिकानं ‘बिंदी’ ठेवलंय.

तुझं पत्र तिच्या दप्तरात मिळालं. चिकटवलेलं होतं, तरी मी उजेडात धरून बघितलं की मधे कोणी उघडलं का. सवय.

त्या पत्राचं उत्तर शेवटी देते. आधी मला काही सांगायचं आहे. ते राधिकानं तुला सांगितलं असेल असा माझा संशय आहे. सांगितलं नसेल, तर मग ती माझ्यापेक्षा मोठी झाली.

मी १५ ऑक्टोबरला हिंगोलीला आले होते. घरी सांगितलं, औंढ्याला अंगणवाडीची बैठक आहे. आठच्या गाडीनं निघाले. तुझ्या घरी आले नाही. सरळ तिच्या शाळेत गेले. मला सरांना गाठायचं होतं, पेपर बघायचा होता, अक्षर ताडून बघायचं होतं. पिशवीत तिची सातवीची वही घेतली होती, पुरावा म्हणून.

शिपाई म्हणाला, सर तासावर आहेत, थांबा. मी व्हरांड्यात उभी राहिले. आठवीचा वर्ग कोपऱ्यात, खिडकी उघडी. आत बघितलं तर फळ्यापाशी राधिका.

सरांनी गणित घातलं होतं. आईच्या आणि मुलीच्या वयाचं. ती लिहीत होती, “समजा मुलीचे वय”, आणि मी ते अक्षर बघितलं. ‘मुलीचे’मधला उकार तुटून खाली पडलेला. ओळ उजवीकडं चढत चाललेली. माझ्या पिशवीत तिचं पत्र होतं. काढून बघायची गरज पडली नाही.

भाऊ, ते पत्र तिनंच लिहिलं होतं. ते अक्षर तिचंच आहे. पिशवीतल्या वहीतलं अक्षर माझं होतं.

आता तुला सगळं सांगते. ती दुसरीत असताना शेळीनं पाडलं आणि उजवा हात मोडला, आठवतं? महिनाभर तिचा अभ्यास मी लिहिला. हात बरा झाला, मी थांबले नाही. आधी म्हणायचे, आज थकली असेल, एवढं मी लिहिते. मग म्हणायचे, तिचं अक्षर जरा वाकडं येतंय, गुरुजी रागवतील. तिची वही मी माझ्या हातानं पुन्हा नवी करायचे, पानन् पान. गणितं मी सोडवायचे, ती बघायची. चित्रं मी काढायचे. निबंध मी. चाचणी असली की गावच्या गुरुजींना सांगून पेपर घरी आणायचे, गुरुजी चांगले होते, नको म्हणत नव्हते. सातवीपर्यंतचं गणित मला तोंडपाठ येतं. ज्या गणितात मी आठ मार्कांनी राहिले, त्यात आज मी कोणालाही हरवीन. आणि ते प्रमाणपत्र. तो कागद मी लिहिला होता. स्पर्धेचे कागद शाळेतून गोळा करून तालुक्याला जायचे, समोर बसवून कोणी लिहून घेत नव्हतं. माझा पहिला नंबर आला. मला वाटलं, आमचा आला.

तुला पहिल्या आठवड्यातच कळलं असेल. मास्तर आहेस. तू मला म्हणाला नाहीस, “शिवकन्या, तू तिचं वाटोळं केलंस.” म्हणाला असतास तर मी फोन आपटला असता, हेही खरं.

खिडकीतून मी बघितलं आणि निघून आले, असं मी लिहिणार होते. खोटं लिहिणार होते. निघून आले नाही.

गणिताच्या दुसऱ्या पायरीला तिनं वजाचं चिन्ह खाली उतरवलंच नाही. पुढं सगळं चुकत गेलं. मुलीचं वय आईपेक्षा जास्त निघालं. पोरं हसली. सर म्हणाले, “बस बेटा खाली.” ती म्हणाली, “सर, अजून एकदा.” तिनं अर्धं पुसलं, पुन्हा मांडलं, आणि पुन्हा वजा राहिला. पोरं पुन्हा हसली. सर घड्याळ बघत होते. ती म्हणाली, “सर, अजून एकदाच.” भाऊ, मला तो वजा दिसत होता. सहा वर्षं मी तो वजा तिच्या जागी लिहीत आले होते. माझ्या तोंडातून निघून गेलं. मी खिडकीचा गज धरून ओरडले, “पोरी, वजा! वजा राहिला!”

सगळा वर्ग वळला. एक पोरगी खिदळली, मग सगळेच. राधिकानं माझ्याकडं बघितलं. तिनं डस्टर घेतलं, सगळं गणित पुसलं, वरपासून खालपर्यंत, खडू टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. अजून एकदा मांडलं असतं तर कदाचित तिलाच सापडलं असतं. ते मी तिच्या हातून काढून घेतलं.

सर बाहेर आले. चिडलेले नव्हते. म्हणाले, “ताई, तुम्ही कोणाच्या आई?”

यानंतरचं लिहायला दुसरा दिवस उजाडला. कालपासून इथं थांबले होते.

मी म्हणाले, “कोणाची न्हाई, सर. चुकून आले.”

खिडकी उघडी होती. तिला ऐकू गेलं. मला तिची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

मी बसस्थानकावर कशी आले, गाडीत कशी बसले, मला आठवत नाही. औंढ्याला उतरायचं ते पुढं गेले, परत आले.

१७ तारखेला ती आली. तीन-चार दिवस माझ्याशी आपण होऊन बोलली नाही. भांडली नाही, रुसली नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आजीशी, पाटींशी हसायची. माझ्याशी पाहुणीसारखी. मी ठरवलं होतं, तिला परत पाठवायची नाही. तिला ते माहीत होतं. गादी बघूनच कळलं असेल.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सगळे जेवायला बसलो. तिनं अर्धी पोळी खाल्ली आणि बापाला म्हणाली, “बाबा, म्या सहामाहीत गणितात नापास झाले. चाळीसपैकी नऊ.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सासूबाई लगेच बोलल्या, “मी म्हणलं नव्हतं? ठेवा आता घरी. चांगली चालती-बोलती पोरगी, कशाला तिकडं डोकं फोडून घ्यायचं?”

मी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. मला अण्णांचं तोंड दिसत होतं. पाटावर बसलेला बाप, आणि सगळं त्याच्या एका शब्दावर. मी बोलायला तोंड उघडलं. पेपर अदलाबदल झाला, सर नीट शिकवत नाहीत, असं काहीतरी जिभेवर तयार होतं. राधिकानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं.

हे म्हणाले, “नऊ कशाचे पडले मंग?”

“बेरीज-वजाबाकीचे. अपूर्णांक येत न्हाईत मला. पाचवीपासून येत न्हाईत.”

“पाचवीपासून? आन् पहिला नंबर?”

तिनं माझं नाव घेतलं नाही. भाऊ, ती घेऊ शकत होती.

मीच म्हणाले, “तो नंबर माझा होता. वह्या मी लिहायचे.” सासूबाईंच्या समोर म्हणाले.

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग तिला विचारलं, “आता काय करणार?”

“मामांनी पाचवीचं पुस्तक दिलंय. पहिल्यापासून करून राहिले. चौथ्या धड्यापर्यंत आले.”

“आठवीची पोरगी पाचवीचं पुस्तक घेऊन बसती. पोरं हसत न्हाईत का?”

“हसतात.”

“मंग?”

“हसू द्या. मला पुढचं यायला पाहिजे.”

हे म्हणाले, “बरं.” आणि आईकडं वळून म्हणाले, “माय, सुट्टी संपली की ती परत जाईल. शेळ्यांमागं मी हाव.” आणि भाजी मागितली. एवढंच झालं. अठरा वर्षं ज्या गोष्टीला मी भीत होते, ती भाजी वाढेपर्यंत संपली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला, पण आधी राग आला. कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही.

त्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी भांडी घासत होते, ती विसळायला लागली. म्हणाली, “आई, ते भिंतीवरचं काढू का?”

“काढ.”

“फेकायचं न्हाई. तुझं हाय ते. तुझ्या पेटीत ठेव.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुला माझं अक्षर माहीतच नव्हतं ना? तू पत्र बाईंना दाखवलंस. बाईंनी ओळखलं व्हतं, त्यांनीच मला सांगितलं.”

मी म्हणाले, “त्या दिवशी शाळेत...”

ती म्हणाली, “सरांना मी नंतर सांगितलं, ती माझी आई व्हती म्हणून. सर काही बोलले न्हाईत.” आणि मग, भांडी विसळता विसळता, माझ्याकडं न बघता, “तुला माझी लाज वाटली का?”

“तुझी न्हाई. माझी वाटली.”

“मंग तसं म्हणायचं व्हतं,” ती म्हणाली. तिनं कढई पालथी घातली आणि पाटीकडं निघून गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

सुट्टीत ती रोज सकाळी गोठ्याच्या सावलीला पाचवीचं पुस्तक घेऊन बसायची. मला तिकडं फिरकू देत नव्हती असं नाही, पण मीच लांबून जायचे. एकदा पाणी द्यायच्या निमित्तानं गेले आणि वही दिसली. सातवं गणित चुकलं होतं. छेदाला छेद मिळवला होता. मला तिथंच दिसलं. मी तांब्या ठेवला आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले. दिवसभर ते गणित माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी तिनंच ते खोडलं. त्या आठवड्यात तिची पाच गणितं चुकली होती, मी मोजली. तीन तिला सापडली. दोन चुकीचीच घेऊन गेलीय. ती कोणती, ते मी तुला सांगणार नाही आणि तूही विचारू नकोस.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, “पत्र राधिकानंच लिहिलं, मी फक्त पाकीट दिलं. आणि त्या दिवशी अण्णांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण मला वाटलं, तुला पुन्हा बसवलं तर माझं डी. एड. बंद करतील. दोघांचं झेपणार नाही, असं ते आदल्या दिवशी म्हणाले होते. मी तुला हे कधी सांगितलं नाही. बाकी भेटल्यावर.”

भाऊ, मला याच गोष्टीचा संशय होता. अगदी याच. मला वाटायचं, ती एकदा तुझ्या तोंडून खरी निघाली की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. मी पत्र वाचलं आणि मला तू बावीस वर्षांचा दिसलास, अंगठ्यानं जमीन उकरणारा. तूही भ्यालेलाच होतास. तू भिऊन गप्प बसलास, मी भिऊन बोलत सुटले, सहा वर्षं तिच्या जागी. यात तुला माफी आहे असं समजू नकोस. मला अजून माहीत नाही.

तू तिला पडू दिलंस ते बराबर होतं, हे मी लिहून देते. पण मला न सांगता पडू दिलंस, ते बराबर नव्हतं. पडू द्यायचं असेल तर खाली कोण उभं आहे, हे आधी बघावं लागतं. हिच्या खाली तिचा बाप उभा होता, हे तुला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तो तसा नसता तर? तू आठवीतल्या पोरीचं पाचवीपासून सुरू केलंस, आणि इकडं आम्ही तिला शेळ्यांमागं लावली असती. पोरीच्या बाबतीत एवढी चौकशी करावी लागते, मास्तर.

मार्चमध्ये ती पुन्हा नापास होऊ शकते. मी ते मनात घोळवून बघते, रोज थोडं थोडं, म्हणजे तेव्हा माझ्या तोंडून भलतंच निघायला नको. झाली तर निकाल घेऊन तू स्वतः ये. तिच्या समोर, तिच्या बापाच्या समोर, माझ्या सासूच्या समोर बस, आणि कोणी काही विचारलं तर बोल. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी चुलीपाशी नसेन, तिथंच बसलेली असेन.

वहिनीला म्हणावं, मी नळाचं आणि कामाचं जे लिहिलं ते मनावर घेऊ नका. तरी राधिकाला मी विचारलंच, आणि तिनं सांगितलं की मामी उलट तिचं ताट धुवायला मागतात, तीच देत नाही. म्हणजे वहिनीवरचा संशय गेला. सरांवरचाही गेला. तुझ्यावरचा अर्धा राहिलाय. तो कमी करायचा असेल तर फोन कर, वहिनीनं मोठ्या आवाजावर ठेवला तरी चालेल. आता मोठ्या आवाजात न बोलण्यासारखं माझ्याकडं फारसं उरलं नाही.

लेकराला जप म्हणत नाही. लक्ष ठेव म्हणते. आणि काही झालं तर आधी मला सांग.

तुझ्यावर अर्धा विश्वास टाकून, उरलेला हातात धरून बसलेली,
राधिकाची आई
शिवकन्या